बुडीत कर्ज : तोटा कोणी सोसावयाचा?



वसंत ऋतूत व्याख्यानाला यावयाचे ते काव्य, संगीत, संतवाङ्मय अशा विषयांसाठी, अशी आपली समजूत आहे आणि ती वाईट नाही. आम्ही मात्र बुडीत कर्जांचा विषय घेऊन उभे आहोत. त्याचे समर्थन एवढेच की, ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जरोखे जाळले. दोन्ही गोष्टी एकाच वर्षीच्या आणि एकाच जिल्ह्यातल्या. तेव्हा हा विषय व्याख्यानमालेला परका नाही.

त्या दंग्यांनंतर सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. त्याने न्यायाधीशाला एक मोठा अधिकार दिला. रोख्यावर लिहिलेला आकडा डोळे मिटून मान्य न करता हिशेब पहिल्या व्यवहारापासून उकलून पाहावयाचा, मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळे काढावयाचे, आणि मगच हुकूमनामा द्यावयाचा. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, नळदुर्ग जिल्हा या नावाने होता. सोलापूरपर्यंत आलेला हा कायदा आपल्या शिवेपाशी थांबला. सावकाराच्या वहीला मात्र शीव नव्हती.

आज दीडशे वर्षे उलटली. सावकाराच्या वहीच्या जागी बँकेचा संगणक आला, जिल्ह्याचे नाव नळदुर्गाचे उस्मानाबाद आणि २०२३ साली धाराशिव झाले. पण मूळ प्रश्न जागचा हललेला नाही. कर्ज परत येणार नाही हे दिसू लागल्यावर पुढे काय करावयाचे? आमच्या मते येथे पहिलीच चूक आपल्या बोलण्यात होते. आपण 'वसुली कशी करावी' एवढेच विचारतो. वसूल होण्याजोगे असेल ते अवश्य वसूल करावे. परंतु जे कर्ज खरोखर बुडाले, त्याचा तोटा होऊन गेलेला असतो. कोणताही कायदा तो परत आणीत नाही. तो कोणाच्या खिशातून भरावयाचा एवढेच कायदा ठरवितो. कर्जदार आणि जामीनदार, संस्थेचे भागधारक सभासद, ठेवीदार, कामगार, कर भरणारी जनता, आणि ज्याला पुढच्या हंगामात नवे कर्ज मिळावयाचे होते पण मिळत नाही तो शेतकरी, यांपैकी कोणाच्या तरी वाट्याला तो जातोच. सरकारने हे ठरविले नाही तरी वाटणी व्हायची राहात नाही. ती आपोआप होते, आणि आपोआप झालेल्या वाटणीत ज्याचा आवाज सर्वांत लहान त्याचा वाटा सर्वांत मोठा येतो. आजचे आमचे सांगणे एवढेच आहे.

आता हा तोटा लपतो कसा ते पाहू. खेड्यातल्या सोसायटीत ज्याला 'नवं-जुनं करणे' म्हणतात ते आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मार्च संपत आला की शेतकरी कोणाकडून तरी चार-आठ दिवसांसाठी पैसे उचलतो, सोसायटीचे जुने पीककर्ज भरतो, खाते बेबाक होते, आणि लगोलग तितकेच किंवा थोडे अधिक नवे कर्ज उचलून तो हातउसना भागवतो. वेळेवर भरणाऱ्याला व्याजात सवलत आहे. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडल्यास व्याज शून्यावर येते. त्यामुळे हा उद्योग शेतकऱ्याला परवडतो. गटसचिवाची वसुली शंभर टक्के दिसते, जिल्हा बँकेची दिसते, सर्वांचेच कागद स्वच्छ. शेतात मात्र सोयाबीन गेले की आले, हे त्या कागदावरून कोणालाही कळत नाही.

हे लहान माणसाचे नवं-जुनं झाले. मोठ्या कर्जदाराच्या नवं-जुन्याला प्रतिष्ठित नावे आहेत: पुनर्रचना, मुदतवाढ, वाढीव मर्यादा. जुन्या कर्जाचा हप्ता भरण्यासाठी नवे कर्ज द्यावयाचे आणि दोन्ही खाती नियमित म्हणून दाखवावयाची. राष्ट्रीयीकृत बँकांतही हेच चालले होते. २०१५ साली रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना बँकांच्या कर्जखात्यांची कसून तपासणी झाली आणि झाकलेली कर्जे उघडी पडली. २०१८ च्या मार्चअखेर देशातील व्यापारी बँकांच्या एकूण कर्जांपैकी ११ टक्क्यांहून अधिक कर्जे अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरली होती. रोग तपासणीने झाला असे म्हणणारेही तेव्हा पुष्कळ निघाले. तापमापकाने ताप येतो असे म्हणण्याचाच तो प्रकार. मार्च २०२४ पर्यंत हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. त्यात वसुली आहे, नव्या कर्जांची वाढ आहे आणि निर्लेखनही आहे. दहा आर्थिक वर्षांत बँकांनी सुमारे १६ लाख ३५ हजार कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केल्याचे सरकारने २०२५ साली संसदेत सांगितले. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. कर्ज ताळेबंदातून निघते, पण कर्जदाराची जबाबदारी राहते. हा भेद खरा आहे. तरी, एवढ्या रकमेचे नाव निघाले की शांत बसणारी आणि शेतकऱ्याच्या दोन लाखांचे नाव निघाले की देश बुडाला म्हणणारी मंडळी पाहिली, म्हणजे भेद करण्याची हौस सोयीप्रमाणे येते-जाते असे आम्हांला वाटते.

आता आपल्या घरात येऊ. आपली जिल्हा मध्यवर्ती बँक ही गावोगावच्या सोसायट्यांची बँक. तिचा मूळ धर्म पीककर्जाचा. परंतु जिल्हा बँकेपाशी ठेवी जमतात, आणि जिल्ह्यात मोठा कर्जदार म्हणून साखर कारखान्याखेरीज दुसरे कोण होते? ढोकीचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना आणि नळदुर्गचा श्री तुळजाभवानी शेतकरी सहकारी साखर कारखाना, ही दोन नावे बँकेच्या मोठ्या थकबाकीत वर्षानुवर्षे अग्रभागी राहिली. व्यवहार कसा चालतो ते सांगितले पाहिजे, कारण त्यातच मेख आहे. गळीत सुरू होण्यापूर्वी ऊसतोड टोळ्यांच्या उचलीसाठी आणि यंत्रांच्या दुरुस्तीसाठी पूर्वहंगामी कर्ज मिळते. हंगाम लागला की पोत्यात भरलेली साखर गोदामात बँकेकडे तारण राहते आणि तिच्या ठरावीक किमतीच्या एका हिश्शाइतकी उचल कारखान्याला मिळते. त्यातून उसाचे बिल जाते आणि मागचे हप्ते कापले जातात. साखरेचा भाव पडला की तारणाची किंमत उचलीपेक्षा कमी होते. ऊस कमी आला तर यंत्रे तीच, कामगार तेच, व्याज तेच, आणि पोती निम्मी.

आपल्याकडे ऊस कमी येणे हा अपघात नव्हे. हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ ची टंचाई आपण भोगली आहे. जनावरे छावणीत आणि माणसे टँकरवर असताना उसाला पाणी कोठून आणावयाचे? दर चार-पाच वर्षांनी एकदा तरी पाऊस दगा देणार हे धरूनच येथे कारखान्याला कर्ज द्यावयास हवे होते. तसे न होता, चांगल्या वर्षाच्या गाळपावर हिशेब मांडले गेले, आणि वाईट वर्षी नवं-जुनं झाले. सरकारची थकहमी असली की बँकेचा जीव भांड्यात पडतो. पण थकहमी म्हणजे रोख रक्कम नव्हे. ती मागावी लागते, आणि मागितल्यावर पत्रव्यवहार सुरू होतो.

परिणाम असा झाला की, २०१२ च्या सुमारास महाराष्ट्रातील ज्या सहा जिल्हा बँकांपाशी रिझर्व्ह बँकेचा परवानाच नव्हता, त्यांत नागपूर, वर्धा, बुलढाणा, जालना आणि धुळे-नंदुरबार यांच्याबरोबर आपली बँक होती. परवान्यासाठी अट फार कडक होती असेही नाही. जोखमीच्या कर्जांच्या मानाने स्वतःचे भांडवल चार टक्के असावे, एवढीच. तेवढेही उरले नव्हते. आपल्या बँकेला पुढे परवाना मिळाला. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिघींसाठी २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्राला देशातील २३ बँकांच्या योजनेत पैसे घालावे लागले. पण परवाना भिंतीवर लागला म्हणून तिजोरी भरत नाही. तिजोरी रिकामी असलेली बँक पीककर्ज देऊ शकत नाही. मग परंड्याचा किंवा भूमचा शेतकरी, ज्याने ऊस कधी लावला नाही आणि कारखान्याचा भागही घेतला नाही, तो जूनमध्ये बियाण्यासाठी खाजगी सावकाराकडे किंवा आठवड्याला हप्ता मागणाऱ्या कंपनीकडे जातो. कारखान्याच्या बुडीत कर्जाचा एक हिस्सा अशा रीतीने त्याने भरला. कोणत्याही ताळेबंदात ही रक्कम दिसत नाही.

यावर सरकारांनी काय काय केले? पहिला मार्ग जप्तीचा. सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्यातील कलम १०१ चा वसुली दाखला गावोगाव ठाऊक आहे; ट्रॅक्टर ओढून नेण्यास तो पुरतो, कारखान्यापुढे मात्र त्याची धार बोथट होते. व्यापारी बँकांसाठी १९९३ साली ऋणवसुली न्यायाधिकरणे आली, आणि २००२ च्या कायद्याने कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार आला. सहकारी बँकांना २००२ चा कायदा लागू आहे की नाही, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. तो अखेर मिटला ५ मे २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे, आणि तोही आपल्याच राज्यातल्या, कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात. कायदा लागू आहे, असा निकाल लागला. सतरा-अठरा वर्षांत बंद कारखान्याच्या बॉयलरचे काय होते, हे लोहाराला विचारावे.

दुसरी अडचण अशी की, तारणावर एकट्या बँकेचाच हक्क असतो असे नाही. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडे तारण असलेल्या साखरेवर कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची थकबाकी आधी भागवावी लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिला. आम्हांला तो न्याय्य वाटतो. कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा हा कारखान्याचा कधी नव्हताच. पण याचा अर्थ असा की, कारखाना बंद पडून जितकी वर्षे जातील तितके दावेदार वाढतात आणि मालमत्ता घटते. तेरणेच्या बाबतीत कित्येक हंगाम धुराडे थंड राहिले. मग भाडेपट्ट्याने चालविण्यास देण्याची वाट निघाली, तर निविदेवरून वाद न्यायाधिकरणाच्या दारात गेला. भाडेपट्टा वाईट नाही. तोच भाडेपट्टा पहिल्या थकलेल्या हंगामानंतर झाला असता तर ऊस उत्पादक, कामगार आणि ठेवीदार या तिघांच्याही वाट्याला अधिक आले असते, असे आमचे मत आहे.

दुसरा मार्ग माफीचा. १९९० साली दहा हजारांपर्यंतची, २००८ साली केंद्राची मोठी, महाराष्ट्रात २०१७ साली दीड लाखांपर्यंतची आणि २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची. माफी देऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे पीक आकाशाने नेले त्याच्याकडून वसूल काय करणार? परंतु माफीची मोजपट्टी पाहा. २००८ च्या योजनेत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला संपूर्ण माफी होती आणि त्यावरच्याला, बाकीचे तीन हिस्से भरल्यास, चौथ्या हिश्शाची सूट. म्हणजे कालव्याच्या पाण्यावर पाच एकर ऊस असलेला पूर्ण सुटला आणि वाशीच्या माळावर सात एकर ज्वारी-तूर करणारा अडकला. शिवाय ज्याने उसनवारी करून खाते नवं-जुनं ठेवले, तो कागदावर नियमित ठरल्यामुळे योजनेबाहेर गेला; त्याचे खरे कर्ज सावकाराकडे होते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ साली या योजनेची तपासणी प्रसिद्ध केली, तीत पाहिलेल्या खात्यांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक खात्यांत चुका निघाल्या. नंतरच्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवले, ही सुधारणा म्हणावयाची. तरी मुख्य दोष राहिलाच: माफीने शेतकऱ्याचे जुने खाते कोरे होते, पण ज्या मोठ्या कर्जाने बँक आजारी पडली ते कर्ज माफीच्या यादीत नसते.

याच गोष्टीवर प्रा. वैद्यनाथन यांच्या समितीने २००५ साली बोट ठेवले होते. सहकारी पतपुरवठ्याचा साचलेला तोटा सरकारने एकदा भरून द्यावा, पण त्याच्या बदल्यात लेखापरीक्षण खरे व्हावे, निवडणुका वेळेवर व्हाव्यात आणि बँकांच्या कारभारातला राज्य सरकारचा हात सुटावा, असा तो सौदा होता. पैशाचा भाग सर्वांना आवडला, अटींचा भाग फारसा नाही. २०११ च्या मे महिन्यात राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळच रिझर्व्ह बँकेने दूर केले, यावरून अटींची गरज होती की नव्हती हे कळते.

बाहेरच्या देशांवरही हा प्रसंग आला आहे. १९९७ च्या आशियाई संकटात दक्षिण कोरियाने सरकारी मंडळाकरवी बँकांची बुडीत कर्जे विकत घेतली. शंभराचे कर्ज सरासरी छत्तिसाच्या आसपास घेतले. मलेशियाच्या दानाहार्ता या कंपनीने १९९८ पासून निम्म्याहून कमी भाव दिला, आणि काम संपल्यावर २००५ साली तिने दुकान बंद केले. चीनने १९९९ साली चार कंपन्या काढल्या व कर्जे दर्शनी किमतीला, म्हणजे शंभराला शंभर देऊन घेतली. त्या कंपन्या काम संपवून मिटण्याऐवजी वाढत गेल्या. या देशांतला फरक आकड्यांचा नाही. कमी भावाने घेतले की तोटा त्याच दिवशी बँकेच्या माथी लागतो आणि सर्वांना दिसतो. पूर्ण भावाने घेतले की तो सरकारच्या वहीत जाऊन झोपतो. आपल्याकडे २०२१ साली राष्ट्रीय मालमत्ता पुनर्रचना कंपनी निघाली. ती पंधरा टक्के रोख देते आणि बाकीच्यासाठी पावत्या, ज्यांना सरकारची हमी आहे. पण ती कंपनी काढली शेकडो कोटींच्या मोठ्या खात्यांसाठी. ढोकीला किंवा नळदुर्गला तिची गाडी थांबत नाही.

आता ठेवीदारांविषयी. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, त्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा आला. तेव्हा मर्यादा दीड हजार रुपयांची. आज ती पाच लाखांची आहे, २०२० च्या फेब्रुवारीपासून. याचा अनुभव याच गावाला आला. येथील वसंतदादा नागरी सहकारी बँकेवर २०१७ च्या नोव्हेंबरात निर्बंध आले आणि २०२१ च्या जानेवारीत तिचा परवाना रद्द झाला. नव्याण्णव टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने त्या वेळी सांगितले. हे ऐकावयास बरे वाटते. पण मधली तीन वर्षे? मुलीचे लग्न, दवाखाना, खरीप, सर्व काही त्या तीन वर्षांत येतेच. विम्याची रक्कम परवाना रद्द झाल्यावरच मिळावयाची, असा तेव्हा नियम होता. तो २०२१ च्या सप्टेंबरात बदलला. आता निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. बुडीत कर्जांविषयी या देशात जे कायदे झाले, त्यांत आम्ही याला वरचे स्थान देतो. त्याने एक पैसाही जादा वसूल केला नाही. फक्त थांबण्याचा भार दुर्बळाच्या डोक्यावरून काढला.

हेच तत्त्व पीककर्जाला का लावू नये? मंडळनिहाय पाऊस आज मोजला जातो. पाऊस अमुक मर्यादेखाली गेला की त्या मंडळातील पीककर्जाचे पुनर्गठन अर्ज न करता, मोर्चा न काढता, निवडणुकीची वाट न पाहता व्हावे, आणि त्याचा खर्च सरकारने त्याच वर्षी सोसायट्यांना द्यावा. उलट, मोठ्या कर्जाला एकाहून अधिक वेळा मुदतवाढ मिळूच नये. दुसऱ्या थकबाकीला तारण ताब्यात, आणि पुढच्या हंगामाआधी भाडेपट्टा. आज नेमके उलट चालते. लहानाला शिस्त आणि मोठ्याला सहानुभूती! कारखान्याच्या आणि बँकेच्या संचालक मंडळांत जेथे तीच माणसे किंवा त्यांचेच आप्त बसतात, तेथे तर कर्ज मागणारा आणि देणारा यांच्यामध्ये टेबलसुद्धा उरत नाही. असे कर्ज वरच्या बँकेने तपासल्याशिवाय सुटू नये.

हे सारे वरच्या पातळीवरचे झाले. आपल्या हातात काय आहे, असे कोणी विचारील. आता मे महिना आहे; थोड्याच दिवसांत पीककर्जासाठी सोसायटीच्या दारात आपण उभे राहू. सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक सहकारी संस्थेला वार्षिक सभा घ्यावीच लागते. अहवालाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, थकबाकीचे वर्गीकरण आणि संशयित व बुडीत कर्ज निधीचा आकडा असतो, आणि लेखापरीक्षकाने दिलेला वर्ग असतो. सभासदाला कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे ठरावीक कागद पाहण्याचा आणि नकला घेण्याचा हक्क आहे. तेव्हा सभेत ते पान मोठ्याने वाचावयास सांगावे, पहिल्या पाच थकबाकीदारांच्या खात्यांना किती वेळा मुदतवाढ मिळाली तेवढे विचारावे, आणि उत्तर इतिवृत्तात लिहिले गेले की नाही ते पुढच्या सभेत पाहावे. हे सर्व चहा-फराळ येण्यापूर्वी करावे; नंतर सभेत कोणी राहात नाही.